काळी पारी, लाल पारी

बुकित मर्ताजाम, ९ मार्च २०१८

वेई शियांग,

फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहितो. विहीणबाई रोज लेकीसाठी, ली तिंगसाठी, आल्याचं कोंबडीचं सूप घेऊन हॉस्पिटलात जातात, त्यांच्याच पिशवीत हे पत्र घालायला दिलं आहे. त्या म्हणाल्या, "देते, पण तो वाचेल की नाही ते मला विचारू नका." नाही वाचलंस तरी फेकू नकोस. यात तुझ्या मुलीबद्दल लिहिलेलं आहे. तो कागद कोणाच्या पायाखाली यायला नको.

मुलगी झाली, आणि दिवस भरायच्या आधी झाली, हे मला विहीणबाईंनी सांगितलं. काचेच्या पेटीत आहे, नाकात नळी आहे, आणि हृदयाजवळची जी वाट जन्मल्यावर आपोआप मिटते ती हिची मिटलेली नाही. औषधाने मिटली तर बरं, नाहीतर कापावं लागेल. मुठीएवढ्या पोरीला कुठे कापणार, असं मी विचारलं.

मी येत नाही. रागाने येत नाही असं समजू नकोस. पलीकडचा कॉफीवाला आह चुई गेला. त्याच्या क्रियेचं चिकट तांदळाचं काळं कुए मीच वाफवलं आणि शवपेटीमागून टेकडीपर्यंत चालत गेलो. त्यानंतर पोमेलोच्या पानांच्या पाण्याने अंघोळ केली, कपडे बाहेर धुतले, तरी मयताला गेलेल्या माणसाने बाळंतिणीच्या आसपास फिरकू नये, हे तुझ्या आईने तुलाही शिकवलेलं आहे. विहीणबाई उंबऱ्याबाहेरूनच बोलून गेल्या. बरोबर केलं त्यांनी.

ली तिंगचं डोकं झाकून ठेव. पंख्याखाली बसू देऊ नकोस. डॉक्टर हसतील, हसू देत.

आता दुसरं. आह चुईच्या घरी त्याच्या मुलाने मला फोनवर तुझ्या दुकानाचं चित्र दाखवलं. कासवाच्या साच्यातलं काळंभोर कुए, वर सोन्याची भुकटी, मधे चिरलेलं आणि आतून पांढरं चीज ओघळतंय. म्हणाला, "अंकल, जॉर्जटाउनात यासाठी रांग लागते." मयताच्या घरात बसून तो हे दाखवत होता आणि तिथल्या एकालाही ते खटकलं नाही, कारण काळं तिथेच शोभतं.

तू घर सोडलंस तेव्हा मी जे बोललो त्यातला शब्दही मागे घेत नाही. पण हे पत्र त्याबद्दल नाही. चीज घाल. चॉकलेट घाल, दुरियान घाल. मी आतल्या सारणाबद्दल बोलतच नाही, वरच्या रंगाबद्दल बोलतो आहे. आनंदाला लाल, पितरांना काळं. पितरांच्या चेंग बेंगला आपण काळं कासव कबरीवर ठेवतो आणि तिथून उठून येतो. मुलगी घरी येईपर्यंत तुझ्या दुकानातून काळं कासव बाहेर पडू देऊ नकोस. हिरवं कर, जांभळं कर. एवढंच मागतो.

पा


१५ मार्च

वेई शियांग,

उत्तर आलं नाही. विहीणबाई म्हणतात पत्र तू खिशात ठेवलंस. खिशात का होईना.

काल तुझ्या दुकानातली रोझिता माझ्याकडे आली. जॉर्जटाउनाहून एवढं पाणी ओलांडून, बस बदलून. मी दार उघडलं तर म्हणाली, "अंकल, मी रोझिता. बॉसच्या दुकानात गल्ल्यावर असते."

"मग गल्ला सोडून इथे कुठे?"

"गल्ला जागच्या जागी आहे. पीठच हातात राहत नाही."

तू हॉस्पिटलात असल्यापासून कुए तीच करते, आणि वाफवलं की पारी तडकते, एवढं विचारायला ती आली होती. मी विचारलं रताळं किती घालतेस, तर म्हणाली बॉस नजरेने घालतात. नजर माझ्याकडून घेतलीस, पण तिला ती देता आली नाही. मी सांगितलं की काळ्या रंगासाठी घातलेली कोळशाची पूड पाणी पिते, म्हणून पीठ वरून मऊ आणि आतून तहानलेलं राहतं. नारळाचं दूध थोडं वाढव आणि पीठ ओल्या फडक्याखाली झोपू दे. तिला कळलं नाही. म्हणून आज मी बसने बटरवर्थला गेलो आणि तिथून फेरीबोटीने तुझ्या दुकानात जाऊन आलो. फक्त वाफेचं भांडं बघायला. आत जास्त बसलो नाही.

दुकान स्वच्छ आहे. पंखे फार आहेत. साचे मात्र तू सगळे एकाच टोपलीत ठेवतोस, हे मला आवडलं नाही. आपल्याकडे लालचे साचे वेगळे आणि क्रियेचे वेगळे, एकमेकांना शिवत नाहीत. मी तुझे साचे मिठाच्या पाण्याने धुऊन उन्हात ठेवले. रोझिता म्हणाली, "अंकल, लाकूड आहे ते, त्याला काय कळतं?" मी म्हटलं, माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तिने मला तुझं काळं कासव खायला दिलं. अर्धं खाल्लं. उरलेलं रुमालात बांधून आणलं आणि मांजराला घातलं.

मुलीला औषध लागू पडतंय का, ते कळव. विहीणबाई "बघू" म्हणतात. त्यांचं "बघू" मला आवडत नाही.

पा


१९ मार्च

वेई शियांग,

तुला आता खरं सांगायला हवं, कारण मला एकट्याला हे पेलत नाही.

आपल्याकडे मांजर नाही, हे तुला माहीत आहे. उरलेलं अर्धंही मीच खाल्लं.

आणि रोझिता फक्त पारीचं विचारायला आली नव्हती. शेरीन ओंग नावाच्या मुलीने तिच्या बाळाला महिना भरल्याच्या समारंभासाठी तुझ्याकडे कुएचे डबे सांगितले होते. मुलगी आहे, म्हणून कासवं आणि कुएचेच पीच, सगळं काळं, वर सोनं. तू रोझिताला सांगितलंस रद्द कर. तिने रद्द केलं नाही. ती म्हणते, "त्या बाईने फोनवर चार ओळी लिहिल्या असत्या की बॉस परत येईपर्यंत दुकानाला कुत्र्याने विचारलं नसतं. बॉसला बाळ घेऊन परत कुठेतरी यायचं आहे ना, अंकल? मग ते कुठेतरी उभं नको?" तिच्यावर चिडू नकोस. मी शब्द दिला होता की तुला कळू देणार नाही. तोही मोडला.

गेले चार दिवस मी तुझ्या दुकानात आहे. सकाळच्या पहिल्या फेरीबोटीने जातो.

तुझं चीज फार छळतं. नुसतं भरलं की वाफेत रडायला लागतं, पारीच्या शिवणीतून पाणी सुटतं आणि कासव बसतं. तू त्यात काहीतरी घालत असशील, रोझिताला माहीत नाही. मी मैदा घालून बघितला, खळीसारखं झालं. मग आपलं मुगाचं पुरण केलं, वासाला पांदानची पानं टाकून कोरडं परतलं आणि चीजमध्ये मिसळलं. मूग पाणी धरून ठेवतो. वर ताडगुळाचा खडा ठेवला, तो वाफेत वितळून एका जागी राहिला. रोझिताने खाल्लं आणि दुसरं उचललं. चांगलं लागतं. खारट, गोड, आणि मागून मूग. हे मी तुझ्या आईच्या फोटोसमोर कबूल केलं आहे, तुझ्यासमोर करायची गरज नाही.

तर आतलं झालं. रंगाचं व्हायचं आहे.

काल दुपारी दुकानात थोरल्या ओंगबाई आल्या. काठी टेकत. त्या आपल्याकडून किती वर्षं कुए नेत, तुला आठवत असतील. आता नातवंडांकडे जॉर्जटाउनात राहतात. शेरीन त्यांची नात. मला बघून दारातच थबकल्या.

"कोक बेंग, तू अजून आहेस? मला वाटलं तुझ्याच शिळ्या पिठासारखा कडक होऊन गेलास."

"तुमच्याआधी कसा जाईन, बाई. रांग मोडणं बरं नाही."

त्या हसल्या आणि खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "नात म्हणते फॅशनचं दुकान आहे. मी म्हटलं पणतीचा महिना, आपण स्वतः बघून यावं. आता तू इथे आहेस म्हणजे प्रश्न मिटला. लालच असणार."

ओल्या फडक्याखाली काळं पीठ झोपलं होतं, त्यांच्या कोपरापासून हातभर. रोझिता माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "लाल."

त्या समाधानाने गेल्या. त्यांच्या नातीने त्यांना काही सांगितलेलं नाही. मी सांगितलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे सगळं थांबवलं असतं, आणि शेरीनने तुझं नाव सगळीकडे खराब केलं असतं. म्हणून नाही सांगितलं. निदान माझी अशी समजूत आहे. कदाचित मला नुसती भीती वाटली.

संध्याकाळी विहीणबाई आल्या. औषधाने वाट मिटली नाही. शुक्रवारी सकाळी कापणार.

शेरीनचे डबेही शुक्रवारी सकाळीच जायचे आहेत.

वेई शियांग, माझ्या हातून एका पोरीच्या महिन्याला काळं कासव जाणार आणि त्याच वेळी आपल्या पोरीच्या छातीला सुरी लागणार. मी काय करू ते तू सांग. एक शब्द लिही. रद्द कर म्हण, मी रद्द करतो आणि जे होईल ते माझ्यावर घेतो. कर म्हण, करतो. पण काहीतरी म्हण.

पा


२२ मार्च

वेई शियांग,

तू काही म्हणाला नाहीस. विहीणबाई सांगतात तू काचेच्या पेटीपाशी बसून असतोस, जेवायला उठत नाहीस, पत्रं उघडत नाहीस. उघडू नकोस मग. मी लिहिलं की मला जरा बरं वाटतं, म्हणून लिहितो.

सकाळी मी रोझिताला सांगितलं की सगळं लाल करणार. आंगकाकच्या आंबवलेल्या तांदळाचं लाल, माझ्या वडिलांनी केलं तसं. ती पदर खोचल्यासारखी ओढणी आवळून माझ्यासमोर उभी राहिली.

"तिने काळं मागितलंय, अंकल. लाल गेलं तर ती परत पाठवेल, आणि फोटो काढून पाठवेल."

"काळं मयताला असतं."

"आमच्याकडे मयताला पांढरं असतं. म्हणून मी भात खायची थांबले का?"

"भात भात आहे. हे कासव आहे."

"मग कासवालाच विचारा." असं म्हणून ती भांडी घासायला गेली, आणि भांड्यांचा आवाज मुद्दाम मोठा केला.

मी बाहेर पायरीवर बसलो. थोरल्या ओंगबाईंना लाल म्हटलं आहे. शेरीनला काळं कबूल झालं आहे, ते तू कबूल केलं आहेस. दोघींपैकी एकीशी खोटं बोलायचं होतं. माझ्या डोक्यात सारखं एकच येत होतं, की वरून काळं असलं तरी आत काय असतं ते कोण बघतं. खाणाराच बघतो.

मग आत गेलो आणि दोन पिठं मळली. एक लाल, एक काळं. सारणाला आधी लाल पारी, पातळ. तिच्यावर काळी पारी. साच्यात दाबलं, काढलं, केळीच्या पानावर ठेवलं. बाहेरून तुझं काळं कासव. आतून आपलं.

रोझिता हात पुसत आली. तिने एक सुरीने कापलं. बराच वेळ बघितलं. "बॉसना हे सुचलं नव्हतं," ती म्हणाली. मी म्हटलं, बॉसला हे सुचायची गरज पडली नव्हती.

पण सोपं नाही. पारीला पारी चढवायची म्हणजे दोन्ही कागदासारख्या हव्यात. माझी बोटं आता तशी चालत नाहीत. आतली पारी पातळ केली की गुळाचा खडा टोचतो, बाहेरची पातळ केली की खालचं लाल दिसतं. थोडी जाड ठेवली. तू असतास तर तुझ्या बोटांनी झालं असतं. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही.

हे असं करणं चालतं की नाही मला माहीत नाही. देवळात विचारावं असं वाटलं. पण पुजारी नाही म्हणाला तर माझ्याजवळ दुसरं काही उरलेलं नाही, म्हणून विचारलं नाही.

उद्या किती वाजता नेणार आहेत तिला, ते तरी कळवायचं होतं.

पा


२३ मार्च, सकाळ

भांडं चढवलं आहे. वाफ धरली की झाकण उचलून थोडी सोडायची, परत ठेवायचं, नाहीतर पाठीवरची नक्षी फुगून पुसली जाते. त्या मधल्या वेळात लिहितो. कागदाला तेल लागलं असेल.

विहीणबाईंनी फोनवर सांगितलं की तिला आत नेलं. त्यांचा आवाज बसला होता. ली तिंग रडत नाही म्हणाल्या. रडली असती तर बरं.

पहिला थर उतरवला. काही पीच शिवणीपाशी फुटले. काळी पारी सरकली आणि आतलं लाल बाहेर आलं. छाती उघडल्यासारखं. मी पटकन फडकं टाकलं. रोझिताने फडकं उचललं.

"हे मला द्या. माझी पोरं रंग बघत नाहीत."

"हे कोणी खायचे नाहीत."

"का? चीजच आहे ना आत?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग तिला कळलं, कारण तिने हॉस्पिटलचं विचारलं आणि मी झाकणाकडे वळलो. तिने फुटलेले पीच एका डब्यात भरले आणि डब्याला पिशवी बांधून माझ्या नजरेआड ठेवला. म्हणाली, "अंकल, पीठ ताणलं की तडकतं. तुम्हीच मला शिकवलं. त्याच्यापलीकडे काही नाही त्यात."

दुसरा थर ठेवला आहे. आच कमी केली आहे. शिवण मी घालत नाही, ती घालते. तिची पारी जाड आहे. असू दे. फुटायला नको. आज जाडच बरी.

दुसऱ्या थरातला एकही फुटला नाही. मी प्रत्येक उलटून बघितला.

तेल लावलं. सोनं रोझिता लावेल, माझ्याने ते होत नाही.

फोन वाजत नाही. मी फोनकडे बघत नाही.


२४ मार्च

वेई शियांग,

कालचं पत्र अर्धवटच विहीणबाईंच्या दाराखालून सरकवलं. त्यांच्या दाराला कुलूप आहे. फोन बंद लागतो. शेजारच्या बाईने सांगितलं की त्या परवापासून हॉस्पिटलातच आहेत आणि चार्जर इथेच राहिला आहे. तेवढंच कारण असेल. तेवढंच असू दे.

हॉस्पिटलला फोन करायला रोझिता म्हणाली. मी करू दिला नाही. कोण उचलेल आणि काय म्हणेल, ते मला परक्याच्या आवाजात ऐकायचं नाही.

डब्यांचं सांगतो. रोझिता स्वतः घेऊन गेली. तिने मला जसं सांगितलं तसंच लिहितो.

पाहुणे जमले होते. शेरीनने डबा उघडला आणि टाळ्या झाल्या, मुलींनी फोटो काढले. मग डबा थोरल्या ओंगबाईंपुढे आला. त्यांनी आत बघितलं. काठी चाचपली आणि त्या उठल्या.

शेरीन म्हणाली, "आजी, आधी चावून तर बघ."

"माझ्या कबरीवर ठेव. तिथे चावते."

शेरीन पांढरी पडली. मग रागाने का होईना, तिनेच एक उचललं आणि दातांनी तोडलं. आतून लाल निघालं. रोझिता म्हणते की शेरीनलाही ते माहीत नव्हतं, ती हातातल्या तुकड्याकडे बघत राहिली. म्हातारीने तिच्या हातातून तो तुकडा ओढला, खिडकीशी नेला, उजेडात फिरवून फिरवून पाहिला.

मग म्हणाल्या, "कोक बेंग लुच्चा आहे. पण लाल म्हणाला ते लाल आहे."

आणि बसल्या. पणतीला मांडीवर घेतलं. कुए मात्र त्यांनी खाल्लं नाही. म्हणाल्या, आतलं सारण नासलेलं दिसतंय. त्यांना चीज कोणीतरी समजावून सांगितलं, तरी नाही खाल्लं.

हे ऐकताना रोझिता हसत होती आणि मी पण हसलो, आणि हसल्यावर मला इतकं अपराधी वाटलं की मी उठून बाहेर गेलो. तिथे त्यांची पोर मांडीवर होती. आपली कुठे आहे ते मला माहीत नाही.

वेई शियांग, काही वाईट झालं असेल तर मला विहीणबाईंकरवी नको, तूच सांग. दोन वर्षांत तू माझ्याशी बोलला नाहीस, ते मी सोसलं. हे मात्र तूच सांग.

पा


२६ मार्च

वेई शियांग,

आज दुकानात होतो. कुलूप लावून घरी बसणं मला जमलं नाही. चेंग बेंग दहा दिवसांवर आलं आहे, माझी स्वतःची काळी कासवं करायची आहेत, पण हात लावावासा वाटत नाही. रताळी सोलत होतो तर रोझिता फोन घेऊन आली. तिचा चेहरा मला वाचता येईना.

"बॉसचा निरोप आहे. तुमच्यासाठी."

मी म्हटलं, वाच. चाकू खाली ठेवला.

तिने वाचलं: "पांना सांग, शेरीनचा फोन आला होता. पारी जाड झाली. चीजमध्ये मूग घालायला कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, पुढचं वाच. ती म्हणाली, पुढे काही नाही. मी तिच्या हातातून फोन घेतला, वर सरकवला, खाली सरकवला. बाळाचं कुठे काही नव्हतं. मी पिठाच्या पोत्यावर बसलो. हा मुलगा मला पारीबद्दल लिहितो आणि पोरीबद्दल एक अक्षर नाही.

मग मला तेच परत ऐकू आलं. हा मुलगा मला पारीबद्दल लिहितो. रोझिताही तोच विचार करत असावी, कारण ती माझ्याशेजारी पोत्यावर टेकली आणि हळूच म्हणाली, "अंकल, ज्याचं लेकरू जात असतं तो पारीची जाडी विचारत नाही."

मी रुमाल काढला. नाक पुसलं. मग म्हटलं, त्याला लिही, जाड नव्हती.

तिने लिहिलं. तुझं लगेच आलं, "होती."

मी म्हटलं, लिही, नव्हती, आणि मूग नसता तर चीज वाहून गेलं असतं. तू लिहिलंस, "मी कॉर्नफ्लावर घालतो." मी म्हटलं, म्हणूनच तुझं थंड झाल्यावर रबरासारखं होतं. रोझिताने विचारलं, हे खरंच लिहू? मी म्हटलं, अक्षर न् अक्षर.

मग तुझं आलं, "डॉक्टर आलेत. नळी काढून बघणार आहेत. थांबा."

आम्ही थांबलो. दोन गिऱ्हाइकं आली आणि गेली, रोझिताने त्यांना काय दिलं मला माहीत नाही. मी सोललेलं रताळं परत सोलत होतो.

मग आलं, "काढली. स्वतः श्वास घेतेय. पारी जाडच होती."

रोझिता मोठ्याने रडायला लागली. मी नाही रडलो, मला उत्तर द्यायचं होतं. पण तेवढ्यात तिच्या फोनची बॅटरी संपली. म्हणून ते इथे लिहितो. हे पत्र तुझ्याच हाती द्या म्हणून विहीणबाईंना सांगणार आहे, आणि तू ते उघडायचं आहे.

नव्हती.

पा